आधी उधारीचा हिशेब, मग मशीन

संपादकांनी 'तरुणांनी उद्योजक कसं व्हावं' हा विषय दिला आणि यशाची सूत्रं लिहा असं सुचवलं. धुळे-जळगावात उद्योजकतेचं प्रशिक्षण देणं हे माझं काम आहे, पण सूत्रं माझ्यापाशी नाहीत. माझ्यापाशी शिरपूर तालुक्यातल्या एका मुलाची फाइल आहे आणि ती मनातून हलत नाही.

मुलगा गुणी. घरची केळी, शेतालगत शेड, केळीच्या वेफर्सचं युनिट. त्याचं काम मी उभी राहून पाहिलं आहे. कच्च्या केळीचा चीक बोटांवर काळा चढतो, म्हणून साल काढणाऱ्या बायका हाताला तेल चोळून बसतात. स्लाइसरमधून काप थेट कढईत पडतात. कढईचा तडतडाट बसला की कापातलं पाणी उडालं. त्या क्षणी झारा घालायचा, उशीर झाला की रंग गेला. हे त्याला कानाने कळत होतं. माल उत्तम होता. तरी आठव्या महिन्यात शेडला कुलूप लागलं.

वर्गात तो पहिल्या दिवशी आला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "ताई, सबसिडी कितली मिळस?" त्याला दोष देत नाही, सगळे हेच विचारतात. सबसिडी म्हणजे हातात पडणारी रक्कम, हा समज गावोगाव इतका घट्ट बसला आहे की तो काढण्यातच माझे दोन तास जातात. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचंच पाहा. ग्रामीण भागात खुल्या गटाला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के, विशेष गटाला ३५ टक्के अनुदान. २० लाखांच्या प्रकल्पात खुल्या गटातल्या माणसाने स्वतःचे २ लाख घालायचे, बाकीचे बँक देते. अनुदानाचे ५ लाख बँकेत वेगळे ठेवले जातात, तीन वर्षं. तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही, हा फायदा खरा. पण त्या पैशातून एक डबा तेलही विकत घेता येत नाही. युनिट तीन वर्षं चाललं, तपासणी झाली, की मग ती रक्कम कर्जात वळती होते. धंदा टिकला तर मिळणारी ही मदत आहे आणि लोक तिच्या भरवशावर धंदा सुरू करतात.

आता जरा आकडेमोड. अवघड वाटली तरी सोडू नका, कारण या लेखात कामाचं एवढंच आहे. साधारण चार किलो कच्च्या केळीचे एक किलो वेफर्स होतात. केळी, तेल, गॅस, मजुरी, पाकीट धरून किलोला १६० रुपये खर्च समजू. आकडा सोयीसाठी गोल केला आहे. रोज १०० किलो माल म्हणजे रोजचे १६ हजार. तेल-पाकिटांचा साठा ५ दिवसांचा, तयार माल ५ दिवस पडून, दुकानदाराची उधारी ४० दिवस. म्हणजे आज घातलेला रुपया ५० दिवसांनी परत येतो. ५० गुणिले १६ हजार, झाले ८ लाख. हे खेळतं भांडवल. त्या मुलाच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये त्यासाठी दीड लाख दाखवले होते. रिपोर्ट करून देणाऱ्याने मशीनच्या कोटेशनला शोभेल असा उरलेला आकडा तिथे टाकला होता आणि कोणी विचारलं नाही. उधारी १५ दिवसांवर आणली असती तर तेच काम ४ लाखांत भागलं असतं.

कायदा बाजूने आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं, असं २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराचं कलम ४३ ब (एच) लागू झालं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. त्यासाठी माल विकणाऱ्याची उद्यम नोंदणी हवी. पण एकाच घाऊक व्यापाऱ्याकडे ज्याचा अर्धा माल जातो, तो तक्रार कुठल्या तोंडाने करणार? हे कलम वर्गात शिकवताना माझाच आवाज उतरतो.

खानदेशात धंद्याचं नाव काढलं की उद्योगपती भवरलाल जैन यांची गोष्ट निघतेच. जामनेर तालुक्यातलं वाकोद, वकिलीची पदवी, नाकारलेली सरकारी नोकरी, घरची ७ हजारांची शिल्लक, १९६३ मध्ये रॉकेलची विक्री. सभांमधून ती जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात. जिद्द होतीच. मी वर्गात रॉकेलवर थांबते. तो घरोघर लागणारा माल होता. पडून राहत नव्हता, पैसा भराभर फिरत होता. पुढे शेतीला लागणाऱ्या वस्तूंच्या एजन्सी घेतल्या. कारखानदारीकडे ते १९७८ मध्ये वळले, केळीच्या पावडरीचा प्रकल्प घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला लागले. म्हणजे आधी पंधरा वर्षं बाजार शिकले. नव्वदच्या दशकात मुख्य व्यवसायाबाहेर पाय पसरल्यावर त्यांची कंपनी अडचणीत आली, तेव्हा त्यांनी भागधारकांची जाहीर माफी मागितली. हा भाग सभांमध्ये कोणी सांगत नाही.

उद्योजक जन्मावा लागतो, असं मला अजून ऐकवलं जातं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी साठच्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्याच्या व्यापाऱ्यांना प्रशिक्षण देऊन पाहिलं. ते घेतलेल्यांची धंद्यातली हालचाल इतरांपेक्षा वाढलेली दिसली. शिकवता येतं यावर माझा विश्वास आहे. थोड्या दिवसांच्या वर्गात किती शिकवता येतं, याबद्दल मात्र शंका वाढत चालली आहे.

तो मुलगा आता दुसऱ्याच्या युनिटवर कढई सांभाळतो आणि पगारातून हप्ते फेडतो.

ज्यांना यंदा धंदा सुरू करायचा आहे त्यांना एकच विनंती. मशीनचं कोटेशन आणायच्या आधी कोणाकडून तरी तयार माल रोखीने घ्या आणि शिरपूर, चोपडा, अमळनेर, जिथे तुमचं गिऱ्हाईक असेल तिथे दोन महिने दुकानोदुकानी विका. कोणी किती दिवसांनी पैसे दिले ते वहीत तारखेसह लिहा. ती वही घेऊन या, मग प्रोजेक्ट रिपोर्ट करू.