वसईचा एक गाळा

वसईचे नाव निघाले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चिमाजी आप्पा उभे राहतात. मीही ३६ वर्षे शाळेत इतिहास व संस्कृत शिकविताना इ. स. १७३९ चा तो वेढा मुलांस रंगवून सांगितला. परंतु वसईत प्रत्यक्ष पाऊल ठेवण्याचा योग परवापर्यंत आला नव्हता. आणि आला तोही किल्ल्यासाठी नव्हे, तर लोखंडातील एका भोकासाठी! वाचकांस हे चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडी घरगुती हकीकत सांगणे भाग आहे.

आमचे कुटुंब एकत्र. पुतण्याचा मुलगा यंदा बारावी झाला आणि पदवीची वाट सोडून कारखान्यात यंत्रकाम शिकण्याचा हट्ट धरून बसला. आमच्या घरात आजवर कारकून झाले, मास्तर झाले, एक मामलेदारही झाला. हातास तेल लागलेला पुरुष कोणी झाला नाही. मुलाच्या आजीस, म्हणजे आमच्या वहिनींस, दोन दिवस अन्न गोड लागले नाही. अखेर त्यांनीच निकाल दिला, "भावजी, तुम्ही स्वतः पाहून या. मग काय ते ठरवू." माझा एक जुना विद्यार्थी वसईस लहानसा कारखाना चालवितो, मुलगा जाणार होता तो तेथेच.

दादरहून विरारची लोकल धरली. भाईंदर सुटताच खाडी लागते. पुलावरून जाताना मध्ये पाणजू बेट दिसते, पुढे नायगाव, आणि मग वसई रोड. हे स्टेशन म्हणजे दोन निराळ्या जगांमधील उंबरठाच होय. पश्चिमेस वाड्या, केळी, फुलझाडे, जुनी चर्चे व समुद्राकाठचा किल्ला. पूर्वेस गोखिवरे, सातिवली, वालीव या बाजूंस पसरलेले गाळेच गाळे आणि त्यांच्या पाठीशी तुंगारेश्वराचा डोंगर. किल्ल्याकडे ओढ घेणारे मन आवरून मी पूर्वेची रिक्षा केली.

ज्यांनी हे गाळे पाहिले नसतील त्यांनी एखादी लांब चाळ मनात आणावी, आणि खोलीखोलीत संसाराऐवजी यंत्र मांडले आहे अशी कल्पना करावी. एकात प्लास्टिकची झाकणे, शेजारी खोकी, पलीकडे कोणी नुसते स्क्रू करीत बसलेला. रस्त्यावर खड्डे यथेच्छ. हवेत तेलाचा वास असा भरलेला की कपड्यांतून तो दुसऱ्या दिवशीही गेला नाही.

विद्यार्थ्याने वाकून नमस्कार केला, चहा मागविला आणि एक वस्तू माझ्या हाती ठेवली. "गुरुजी, तुमचा नातू प्रथम हे हाताळील." ते ड्रिल होते. सुताराचे गिरमिट आपण सर्वांनी पाहिले आहे, दोरीने फिरणारा सामताही जुन्या लोकांस आठवत असेल. हे त्यांचेच लोखंड भेदणारे भावंड. नागमोडी खाचांचे ड्रिल अमेरिकेत मोर्स नावाच्या कारागिराने १८६३ साली पेटंट केले, आणि आजही घराघरांतील ड्रिल त्याच घाटाचे आहे. ते सबंध एकाच धातूचे. बोथट झाले की काढा, सहाणेच्या चाकावर धार लावा, पुन्हा बसवा. दर वेळी ते थोडे आखूड होते, म्हणून लांबीचे मापही पुन्हा लावावे लागते.

माझ्या हातातील ड्रिलचे तोंड मात्र निराळे निघत होते. दांडा पोलादी, त्याच्या टोकाशी चिकण्या सुपारीएवढे कार्बाइडचे तोंड. कारागीर त्यास 'हेड' म्हणतात. टंगस्टनच्या संयुगाची पूड कोबाल्टने सांधून हा पदार्थ १९२० नंतरच्या दशकात जर्मनीत सिद्ध झाला, आणि 'हिऱ्यासारखा' या अर्थाच्या 'विडिया' या नावाने क्रुप कंपनीने तो विकला. तो अतिशय कठीण, तितकाच ठिसूळ आणि महाग. सबंध ड्रिल त्याचे करावे तर खर्च फार. यास्तव जेथे कापावयाचे तेवढेच मुख त्याचे, आणि वळ सोसणारा दांडा चिवट पोलादाचा, अशी ही वाटणी आहे. सुश्रुताच्या शस्त्रांत 'व्रीहिमुख' म्हणून एक आहे, भाताच्या दाण्यासारख्या मुखाचे; तेथेही नाव मुखावरूनच पडले याची मला आठवण झाली.

तोंड बसविण्याची रीत सुबक आहे. दांड्याच्या टोकास खोबण असते. तोंड तिच्यात ठेवून किल्लीने थोडेसे फिरविले की ते अडकते, आणि भोक पाडताना जो जोर पडतो त्यानेच अधिक घट्ट बसते. काही कंपन्यांच्या रचनेत बारीक स्क्रू असतो. या जातीत तोही नाही. दांडा यंत्रातून काढावा लागत नाही, म्हणून माप मोडत नाही. पोलादास एक तोंड, बिडास दुसरे, ॲल्युमिनियमला तिसरे, आणि जवळपासच्या मापांची कित्येक तोंडे त्याच दांड्यावर चालतात. दांड्याच्या पोटातून पाणी व तेल यांचे मिश्रण थेट धारेपर्यंत जाते व कीस बाहेर लोटते.

मास्तरची खोड जात नाही. मी हिशेब मांडला. १४ मिलिमीटर व्यासाचा परीघ ४४ मिलिमीटर. कार्बाइडची धार मिनिटास ८० मीटर धावते असे धरले तर फेरे सुमारे १८१८ पडतात. साध्या पोलादी ड्रिलला २५ मीटर धरले तर ५६८. दर फेऱ्यास पहिले पाव मिलिमीटर पुढे सरते, दुसरे पंचमांश. ४० मिलिमीटर खोल भोकास पहिल्यास सव्वापाच सेकंद लागतात, दुसऱ्यास एकवीस. दिवसास शेकडो भोके पाडणाऱ्या गाळ्यात हा फरक म्हणजे पोटापाण्याचाच फरक होय.

परंतु हिशेब जुळताच मन खट्टू झाले. तोंड किल्लीने बदलावयाचे असेल तर ते कोणीही बदलील. मग आमच्या मुलाने येथे शिकावे काय?

कोपऱ्यात एक वृद्ध कारागीर होते. सर्वजण त्यांस 'काका' म्हणत. धार लावण्यात आयुष्य गेलेले. माझा प्रश्न ऐकून त्यांनी एक जुने ड्रिल उचलले, चाकावर नुसत्या नजरेने टेकविले, मनगट दोनदा वळविले आणि एका तुकड्यात घातले. दोन्ही खाचांतून सारख्याच जाडीचे दोन कीस एकदम वर आले. "मास्तर, धार एका बाजूस तसूभर जास्त झाली तर कीस एकाच बाजूने येतो, आणि भोक मापापेक्षा मोठे पडते." घुणाक्षरन्यायाने पडणारे ते भोक नव्हते. मी थक्क झालो.

"मग आता हे काम?"

"सहा मिलिमीटरच्या खालचे बारीक ड्रिल अजून माझ्याकडे येते. बाकी नाही. पूर्वी मला धार लावण्यास ठेवले होते, आता मोजण्यास ठेवले आहे." त्यांच्या जोडीचा दुसरा धार लावणारा काम उरले नाही म्हणून गेल्या वर्षी गावी परतला. हे सांगताना माझा विद्यार्थी जमिनीकडे पाहत होता. त्याने मला कारण सांगितले नाही, मीही विचारले नाही.

काकांनी स्वतःची फजितीही लपविली नाही. नवे ड्रिल आले तेव्हा, ही पोरखेळाची वस्तू म्हणून, त्यांनी खोबण न पुसताच तोंड बसविले. कसभर कीस आत राहिला, तोंड तिरपे बसले. ते तर फुटलेच, दांड्याची खोबणही फुटली. मग त्यांनी मला यंत्राजवळ उभे केले. "ऐका." मला केवळ गोंगाट ऐकू आला. काही वेळाने काकांनी हात वर केला. "आवाज फिरला." यंत्र थांबवून तोंड काढले, भिंगातून पाहिले तर धारेचा बाहेरील कोपरा झिजलेला. "वहीत साठ भोके लिहिली आहेत. पण माल कठीण आला की चाळीसावरच बदलावे लागते. लवकर बदलले तर मालकाचे पैसे गेले, उशिरा बदलले तर दांडाही गेला. कीस आखूड तुटतो आहे की दोरीसारखा लांब निघतो आहे, तेही पाहावे लागते. हे मुलाने शिकायचे, मास्तर."

दुपारी काकाच मला पश्चिमेस किल्ल्यात घेऊन गेले. तटावर वडा-पिंपळांनी मुळे रोवली आहेत. मराठ्यांनी येथे सुरुंग लावून तट फोडला. एक सुरुंग उशिरा उडाला आणि खिंडारात चढलेली आपलीच माणसे त्यात दगावली. मी हे शाळेतल्या आवाजात सांगत होतो. काका तटाच्या पायथ्याचा दगड बोटांनी चाचपीत होते. "पहारीची टोके रोज बोथट होत असतील," ते म्हणाले. "त्यांना धार लावणारे लोहार छावणीत किती असतील हो?" इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला हा प्रश्न विचारला नव्हता, आणि मलाही सुचला नव्हता.

घरी येऊन ते झिजलेले तोंड वहिनींच्या हातावर ठेवले. त्यांनी चष्मा लावून ते उलटसुलट पाहिले. मुलगा दाराआड उभा होता. मी काकांची हकीकत सांगितली. गावी परतलेल्या त्या दुसऱ्या माणसाचीही सांगितली. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

"त्या काकांना निरोप पाठवा," शेवटी त्या म्हणाल्या. "आधी जुने ड्रिल हाताने धार लावून शिकवा म्हणावे, मग ते नवे. आणि डबा दोघांचा देईन."

सोमवारपासून मुलगा सकाळच्या गाडीने वसईस जाऊ लागला आहे. अंगरख्याचे तेल मात्र कोणत्याच साबणाने निघत नाही, अशी वहिनींची तक्रार आहे.