नॉर्मल की सिझर?

आमच्या कुळगावात बाळंतपणाची खबर आली की पहिला प्रश्न एकच, "नॉर्मल की सिझर?" सिझर म्हटलं की लगेच शंका, "पैशांसाठी कापलं असेल."

भाचीला कळा सुरू असताना तिच्या सासूबाई हेच बोलत होत्या. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आधीच सांगता येत नाही का?" त्यांनी एक आलेख दाखवला, पार्टोग्राफ. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं, बाळाचे ठोके, कळांचा जोर, हे सगळं ठरावीक वेळाने त्यावर नोंदवतात. १९७२ साली फिल्पॉट आणि कासल यांनी आजच्या झिंबाब्वेत त्यावर दोन रेषा आखल्या. एक सावध करणारी, दुसरी त्यापुढे चार तासांवर, काहीतरी करायला लावणारी. तासाला एक सेंटीमीटर हा तिथला हिशेब. पण २०१८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की नुसत्या या वेगावरून धोका ठरवू नका.

म्हणजे भाकीत कुणाकडेच नसतं, नीट लक्ष ठेवणं तेवढं असतं. म्हणून शंका घेत बसण्यापेक्षा विचारावं, "आलेख काय सांगतो? ठोके कसे आहेत?" आणि उत्तर आधी तिला समजावून सांगावं. कळा तिला येतात, संमतीही तिचीच लागते. सासूबाईंची नाही, मामूचीही नाही.