प्रपंच दुसऱ्याचा, शहाणपण आपल्याला

आकाशवाणी मुंबईचे ‘पुन्हा प्रपंच’ जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. मीनावहिनी, पंत आणि टेकाडे भावोजी! नीलम प्रभू, प्रभाकर जोशी, बाळ कुडतरकर यांचे ते आवाज. विषय रोजच्या संसाराचेच.

घरात रेडिओ एकच, म्हणून सासू, सून, धनी सारे एकत्र ऐकत. वहिनींनी पंतांना टोला दिला की सून गालात हसे, पण धन्याला राग येत नसे. भांडण दुसऱ्याच्या घरातले ना!

आपल्या घरात मात्र बियाण्या-खताच्या उसनवारीचा आकडा कारभारणीला सर्वांत शेवटी कळतो. तसे करू नका. जेवणे झाली की हिशेबाची वही सर्वांसमोर उघडा. हसत सांगितलेली अडचण घर ऐकून घेते आणि ओझेही वाटून घेते.