दोन पिवळ्या वाट्या

खोटं बोलायला म्हणे फार डोकं लागतं. मला लागली ती तीन अंडी, अर्धा लिटर दूध आणि व्हॅनिला इसेन्सचे चार थेंब.

झालं असं, की गेल्या पावसाळ्यात आई बाथरूममध्ये घसरली. वय ६८. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. सगळं कसं व्यवस्थित. फक्त जेवण गेलं. ‘तोंडाला चवच नाही रे,’ असं म्हणत दोन घास खिचडी आणि दुधात कुस्करलेली अर्धी पोळी, की ताट बाजूला. दीड महिन्यात वजन ५८ किलोंवरून ५२ वर. आई बारीक झाली म्हणून शेजारच्या काकूंनी कौतुक केलं, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

डाएटिशियनबाईंनी सरळ हिशेब मांडला. धडधाकट माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. या वयात, त्यात ऑपरेशन झालेलं, तर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम हवं. म्हणजे आईला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम. ते मिळालं नाही तर शरीर स्वतःच्याच स्नायूंना हात घालतं. मग वॉकर सुटणार कसा?

मी पडलो हिंजवडीतला पोरगा. घरी येऊन लगेच एक्सेल उघडलं. आईच्या दिवसभराच्या खाण्याची बेरीज आली जेमतेम तीस.

‘पण ती रोज एक वाटी कस्टर्ड खाते की!’ पुढच्या वेळी मी अभिमानानं सांगितलं.

‘अंड्याचं की पावडरचं?’ बाईंनी विचारलं.

फरक काय पडतो? दोन्ही पिवळीच ना! तुम्हीही असंच म्हणाला असतात. आपल्या पिढीसाठी कस्टर्ड म्हणजे पिवळा डबा, त्यात केळी-सफरचंदाचे तुकडे आणि वाढदिवसाची संध्याकाळ. त्यात अंडं नसतंच, हे मला तिशी ओलांडल्यावर कळलं. ती पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचं पीठ, रंग आणि वास. तिचा जन्मही मोठा गोड. बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टच्या बायकोला अंड्याची अ‍ॅलर्जी होती. तिला कस्टर्ड खाता यावं म्हणून त्यानं १८३७ मध्ये बिनअंड्याचं कस्टर्ड शोधून काढलं. बायकोच्या प्रेमापोटी लागलेला शोध! पण त्या प्रेमात प्रोटीन नव्हतं.

मग मी दोन्ही वाट्यांचा हिशेब केला. अर्धा लिटर गायीच्या दुधात साधारण १६ ग्रॅम प्रोटीन. त्याच्या चार वाट्या केल्या, की पावडरच्या कस्टर्डच्या एका वाटीत येतं चार ग्रॅम, तेही सगळं दुधाचंच. त्याच दुधात तीन अंडी घातली, की आणखी १८ ग्रॅम. म्हणजे वाटीमागे साडेआठ. दुपटीपेक्षा जास्त! साखर साठ ग्रॅम धरली तर अशा वाटीत १९० च्या आसपास कॅलरी, आठ ग्रॅम फॅट, १७० मिलिग्रॅम कॅल्शियम. शिवाय बलकातून थोडं डी जीवनसत्त्व, बी-१२ आणि कोलीन. चावायचं काही नाही, गिळायला मऊ, पोटाला हलकं. ज्याची भूक गेलीय त्याच्यासाठी याहून सोपं काय असणार?

लगे हाथ आणखी एक गोष्ट कळली. कॉलेजात जिमवाले मित्र दुधात कच्ची अंडी फेटून प्यायचे ना, ते अर्धं वायाच जायचं. कच्च्या अंड्यातलं जवळजवळ निम्मंच प्रोटीन अंगी लागतं, शिजवलेल्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास. कस्टर्ड शिजलेलं असतं. वर जंतूंचं टेन्शनही नाही.

सगळे आकडे जुळले. एकच अडचण होती. आई अंडं खात नाही. कधीच नाही.

डेक्कनच्या गुडलकमध्ये मी शेकडो वेळा कॅरॅमल कस्टर्ड हाणलंय. घरी आल्यावर ‘काय खाल्लंस?’ या प्रश्नाला ‘बनमस्का’ हे उत्तर ठरलेलं. म्हणजे खोटं बोलायची सवय तशी जुनीच.

एका शनिवारी आई झोपलेली असताना अंडी फेटली. कोमट दूध हळूहळू ओतलं, गाळलं, व्हॅनिला घातला आणि वाट्या कुकरमध्ये शिटी न लावता मंद आचेवर वीस मिनिटं वाफवल्या. गॅस मोठा झाला तर कस्टर्डला भोकं पडतात, ही अक्कल दुसऱ्या घाण्याला आली. टरफलं कागदात गुंडाळून सोसायटीच्या कचऱ्यात टाकून आलो. गुन्हेगारच म्हणा ना!

आईनं आख्खी वाटी संपवली. ‘आज काय छान झालंय रे! काय घातलंस?’

‘पावडर बदलली,’ मी म्हणालो.

रविवारी पुन्हा वाटी. सोमवारी पुन्हा. एक्सेलमधला आकडा पहिल्यांदा चाळिशीच्या वर गेला आणि मी मात्र रात्री छताकडे बघत पडलो. आठवत होती ती गॅलरी.

मी नववीत होतो. हातापायाच्या काड्या. डॉक्टरांनी रोज एक अंडं सांगितलं. आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं गॅलरीत रॉकेलचा स्टोव्ह मांडला, वेगळा तवा, वेगळा उलथना आणि वेगळी ताटली आणली. रोज सकाळी नाकाला पदर लावून माझं ऑम्लेट करायची आणि मग आंघोळीला जायची. स्वतःचा नियम तिनं मोडला नाही आणि मला उपाशीही ठेवलं नाही. आणि मी? तिला खाऊ घालायला तिचाच नियम तिच्या नकळत मोडून मोकळा झालो होतो.

मंगळवारी संध्याकाळी सांगून टाकलं. ‘आई, त्या कस्टर्डात अंडी होती.’

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, ‘किती दिवस?’

‘तीन.’

पुढचे दोन दिवस तिनं माझ्या हातचं काही खाल्लं नाही. पोळीवाल्या मावशींनी केलेला भात तेवढा खायची, तोही ‘यात काय घातलंय?’ असं विचारून. प्रोटीन वाढवायला गेलो आणि होता नव्हता तो विश्वासही घालवून बसलो. एक्सेलमध्ये त्यासाठी कॉलम नव्हता.

तिसऱ्या दिवशी डाएटिशियनबाईंना फोन केला आणि सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, ‘अहो, मग स्किम्ड मिल्क पावडर घालायची! आधी विचारायचंत तरी!’

पन्नास ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडरमध्ये साधारण १८ ग्रॅम प्रोटीन असतं. म्हणजे बरोबर तीन अंड्यांइतकं! आपल्या नेहमीच्या मक्याच्या कस्टर्डात ती कालवली, की वाटीमागे तेच साडेआठ ग्रॅम. कॅल्शियम तर अंड्याच्या वाटीपेक्षा जवळजवळ दुप्पट, तीनशेच्या वर. बलकातलं डी आणि कोलीन तेवढं त्यात नाही, आणि दूध पचत नसेल तर पोट कुरकुरतं. आईला दूध पचतं. पावडर गोडसर असते, म्हणून साखरही साठवरून चाळीस ग्रॅमवर आणता आली. थोडक्यात, ज्या खोट्याला मी ‘नाइलाज’ म्हणत होतो, त्याला इलाज होता आणि तो कोपऱ्यावरच्या वाण्याकडे होता.

या वेळी सगळं तिच्या समोर, तिच्या पलंगाजवळच्या टेबलावर केलं. पाकीट तिच्या हातात दिलं. आई निवृत्त गणिताची शिक्षिका. तिनं चष्मा लावून पाकिटाच्या मागचा तक्ता वाचला, पन्नास ग्रॅमचा तोंडी गुणाकार केला आणि म्हणाली, ‘अठराला थोडं कमीच भरतंय.’ मग चमचा उचलला.

आज ती काठीशिवाय सोसायटीला एक फेरी मारते. वजन ५५. हे सगळं कस्टर्डानं केलं असं मी म्हणणार नाही. फिजिओथेरपी होती, मुगाची धिरडी होती, पनीर होतं, तिची जिद्द होती. एक वाटी म्हणजे दिवसाच्या गरजेचा सहावा-सातवा हिस्सा, बस. त्यात चोथा नाही, सी जीवनसत्त्व नाही. डायबेटिस असेल तर साखरेचं आधी डॉक्टरांना विचारावं लागतं. पण भूक मेलेल्या माणसाच्या पोटात गेलेला प्रत्येक ग्रॅम मोलाचा असतो, एवढं मी शिकलो.

आणि तो मोलाचा ग्रॅम विचारून द्यायचा असतो, हेही. तुमच्याही घरी कुणी ताट बाजूला सारत असेल, तर वाटीचा हिशेब जरूर करा. फक्त ज्याची वाटी आहे, त्याला शेजारी बसवून करा.

परवा ऑफिसातून आलो तर ओट्यावर एक जुनी ताटली धुऊन ठेवलेली. गॅलरीतली!

‘तुझं ते अंड्याचं करायचं असेल तर यात घे,’ आई टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाली. ‘माझ्या वाट्या वापरू नकोस.’ मग जरा थांबून, ‘चव बरी होती हो. पण सांगायचं होतंस.’