बुधवार सोडून कधीही

मे महिन्यात गावाकडची भावंडं लालबागच्या आमच्या खोलीत उतरली की त्यांना मुंबई दाखवायचा कार्यक्रम ठरलेला. म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय, गेटवे यांचा क्रम दरवर्षी बदले, राणीची बाग मात्र पहिली. चालत जाता येई, तिकीट खिशाला जड नव्हतं, आणि सगळी पोरं दिवसभर बाहेर राहिली की काकूला डाळ-तांदूळ निवडायला जमीन दिसे. १९६९ साली बागेचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं, पण आमच्याकडे ते नाव शाळेच्या निबंधापुरतंच.

पहाटे उठून आई पोळ्या लाटायची. बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी, पाण्याला फिरकीचा तांब्या आणि बसायला विटकी चादर. रात्रपाळी करून आलेले अण्णा तसेच बरोबर निघत आणि बागेत पोचल्यावर जी पहिली सावली मिळेल तिच्यात आडवे होत. बुधवारी बाग बंद असते, हे घरात ज्याला त्याला ठाऊक होतं. तरी एखाद्या वर्षी वरात नेमकी बुधवारी निघायचीच आणि बंद फाटकापाशी ‘तुला सांगितलं होतं’चा खेळ रंगायचा.

आत शिरल्यावर पहिली सूचना ठरलेली, “चुकलात तर दगडी हत्तीपाशी येऊन उभे राहा.” हा हत्ती घारापुरीचा. त्याच्यावरूनच इंग्रजीत त्या बेटाला एलिफंटा म्हणतात. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायचा बेत झाला, पण उचलताना तो फुटला. म्हणून इथे राहिला, आणि १९१४ मध्ये त्याचे तुकडे पुन्हा जुळवले गेले. एवढा इतिहास आम्हाला कोण सांगणार? पाठीवर चढू देतात का, हीच आमची चौकशी. काळ्या घोड्याच्या पुतळ्याचंही तेच. १९६५ साली त्याला फोर्टातून उचलून इथे आणलं. वर बसलेला सातवा एडवर्ड कोण, असं विचारलं की आजोबा “गेला तो” म्हणून पुढे चालू लागत.

शेजारचं संग्रहालय १८७२चं. १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने आहे. तिथे मातीच्या बाहुल्या आणि पारशांच्या दख्म्याची, म्हणजे मृतदेह ठेवायच्या बुरुजाची, छोटी प्रतिकृती होती. ती प्रतिकृती पाहिल्यावर गावची भावंडं रात्री गॅलरीत झोपायला तयार नसत. प्राण्यांबद्दल मात्र खरं सांगायचं तर सिंह बहुतेक वेळा झोपलेला, पाणघोडा पाण्याखाली आणि पिंजऱ्यांना वास. माकडांपुढची गर्दी सोडली तर फारसं काही घडत नसे. तरी परतल्यावर गावात सांगायला सिंहाने डरकाळी फोडलेलीच असे.

मोठी माणसं पिंजऱ्यांकडे फिरकत नसत, याचं तेव्हा काही वाटलं नाही. खरं तर ही मुळात झाडांचीच बाग. १८६२ साली ती लोकांसाठी उघडली ती वनस्पती उद्यान म्हणून, प्राणी मागाहून आले. आफ्रिकेची गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती, ब्रह्मदेशाची उर्वशी, अशी लांबलांबची झाडं इथे रुजली. गोरखचिंचेच्या बुंध्याला आम्ही हातात हात गुंफून वेढा घालत असू आणि हात अपुरे पडले की एखादा अनोळखी मुलगा ओढून घेत असू. कैलासपतीची फुलं खोडातूनच फुटतात. आत पिंडी, वर नागफणा, म्हणून आजी चप्पल काढून त्याच्या पुढ्यात हात जोडायची. फळं तोफगोळ्याएवढी, तेव्हा खाली बसायला बंदी.

आजी चिपळूणकडची. लग्न होऊन ती थेट गिरणगावात आली, आणि तिथून पुढे तिची हिरवळ म्हणजे गॅलरीतल्या डब्यातली तुळस. बागेत आली की तिची चाल बदलायची. बकुळीखाली पदर पसरून बसायची, फुलं वेचायची, येणाऱ्याजाणाऱ्या बायकांशी बोलायची. त्यातली एखादी गुहागरची निघे, एखादी देवगडची, आणि मग कुणाच्या परड्यात काय होतं याची उजळणी चाले. सीता अशोकापाशी तिचं प्रवचन ठरलेलं. सोसायट्यांच्या कडेने उंच सरळ उभा असतो तो अशोक नव्हेच, तो आसुपालव. खरा हा. याचीच साल बायकांच्या दुखण्यावर, याचंच अशोकारिष्ट. आम्ही हत्तीवर बसायचा हट्ट धरून तिला उठवायचो. ती उठायची, पण नाराजीने.

१९८२च्या गिरणी संपानंतर मे महिन्यातली ती वर्दळ ओसरली. पाहुणे येईनात, उलट आमच्या मजल्यावरची दोन-तीन बिऱ्हाडं कायमची गावी गेली.

पुढे २००७च्या सुमारास प्राणिसंग्रहालय नव्याने उभारायचा मोठा आराखडा निघाला तेव्हा झाडांच्या बाजूने काही नागरिक, त्यातही बायका, चिकाटीने भांडल्या. आजी असती तर त्यांच्यात जाऊन बसली असती. २०१७ पासून बागेत पेंग्विन बघायला मिळतात, वातानुकूलित घरात. नातवंडांना तेच बघायचं असतं आणि त्यात वावगं काही नाही, आम्हीही हत्तीसाठीच जात होतो.

आता भावंडांच्या व्हॉट्सॲपवर कुणी फुललेल्या उर्वशीचा फोटो टाकला की दिवसभर चर्चा. ताईचं म्हणणं, आपण जेवायला बसायचो ते झाड गोरखचिंचेच्या पलीकडचं. चिपळूणच्या दादाच्या मते ते घड्याळाच्या मनोऱ्याजवळ होतं आणि ते चिंचेचं होतं. मतदान घेतलं, समान मतं पडली. दादा येत्या महिन्यात मुंबईला येतोय, तेव्हा प्रत्यक्ष जाऊनच निकाल लावायचं ठरलंय. त्याने तिकीट काढलं आहे, मंगळवारी रात्रीचं.