नऊ तासांची दुबई

गेल्या माघ महिन्यांत विलायतेहून, मुलाकडून, परत येत असतां आम्हांस दुबई येथें नऊ तास थांबण्याचा योग आला. योग म्हणावयाचें तें केवळ रीत म्हणून. तिकिटें काढतांना थेट मुंबईचें विमान घ्यावें कीं मध्यें थांबणारें, असें मुलानें विचारलें होतें; आणि थांबणारें स्वस्त पडतें, असें उत्तर आम्हीं दिलें होतें. खरें कारण घरीं होतें. आमच्या धाकट्या काकू आतां ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. निघण्याच्या आदल्या रात्रीं त्या आमच्याजवळ येऊन म्हणाल्या, "वाटेंत दुबई लागते म्हणतात. जमलें तर तिथली खाडी पाहून ये हो. आपल्या खाडीएवढी आहे का, तेवढें मला येऊन सांग."

या मागणीचा उलगडा होण्यास थोडी मागील हकीकत सांगितली पाहिजे. आमचे धाकटे काका १९७४ सालीं दुबईस एका पेढीवर हिशेबनीस म्हणून गेले आणि १९८९ पर्यंत तेथेंच राहिले. दोन वर्षांनीं एकदां दोन महिन्यांच्या रजेवर येत. आमचें कॉलेजचें शिक्षण, थोरल्या बहिणीचें लग्न, माजघरावरचीं नवीं कौलें, हें सर्व त्यांच्या पैशांवर झालें. कुटुंब बरोबर नेण्याइतका पगार त्यांस नव्हता. आणि असता तरी आजीजवळ कोणी तरी हवें, असें घरांत सर्वांनीं मिळून ठरवून टाकलें होतें. त्या ठरावांत काकूंचें मत कोणीं घेतलें होतें असें आम्हांस आठवत नाहीं. काकांचें पत्र साऱ्या घराच्या नांवें येई आणि आजोबा तें ओटीवर मोठ्यानें वाचून दाखवीत. पत्राच्या शेवटीं एक वाक्य ठरलेलें असे: 'येथील खाडी आपल्या दाभोळच्या खाडीएवढीच आहे. सायंकाळीं वारा चांगला असतो.' आम्ही मुलें त्या वाक्यास हंसत असूं. काकू स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या राहून ऐकत. काकांस जाऊन आतां अकरा वर्षें झालीं.

दुबईविषयीं आमचें मत अगोदरपासूनच कलुषित होतें, हें कबूल करावयास हवें. पैशाच्या बळावर वाळूंत उभी केलेली एक थोरली पेठ, यापलीकडे तेथें कांहीं नसावें असें आम्ही धरून चाललों होतों. आणि पहिल्या दोन तासांत तें मत बदलण्यासारखें कांहीं घडलें नाहीं. विमानतळांतून बाहेर पडतांच चालकाविना धांवणारी मेट्रो गाडी मिळाली. ती २००९ सालीं सुरू झाली. २०१० सालीं खुला झालेला ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा हा मनोरा आम्हीं मान दुखेपर्यंत पाहिला. सौभाग्यवती म्हणाल्या, "झालें ना पाहून? चला आतां." एवढ्यावर तें प्रकरण संपलें.

मनोऱ्यापेक्षां आम्हांस नवल वाटलें तें पाण्याचें. या शहरास नदी नाहीं, तळें नाहीं. पिण्याचें पाणी जवळजवळ सारें समुद्राचेंच, क्षार काढून गोडें केलेलें. दुतर्फा फुललेलीं फुलझाडें हीं सुद्धां नळ्यांच्या पाण्यावर जगलेलीं. पाऊस इतका थोडा कीं, तो पडेल हें गृहीत धरून शहर बांधलेलेंच नव्हतें. १६ एप्रिल २०२४ रोजीं या देशांत पाऊणशें वर्षांत झाला नव्हता असा पाऊस एका दिवसांत झाला, तेव्हां विमानांच्या धांवपट्ट्यांवर पाणी उभें राहिलें. आमच्या कोकणांत तसा पाऊस आषाढांत कितीदां तरी होतो आणि आपण अंगणांतली पन्हळ तेवढी सरळ करतों!

तेथून आम्ही मेट्रोनेंच खाडीकडे वळलों. येथें मात्र शहर एकाएकीं बुटकें झालें. अल फहीदी नांवाच्या जुन्या वस्तींत, इराणांतून आलेल्या व्यापाऱ्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं बांधलेलीं मातकट रंगाचीं घरें आहेत. प्रत्येकावर एक चौकोनी मनोरा. त्यास 'बरजील' म्हणतात. हा मनोरा चारी बाजूंनीं उघडा असून आंत उभ्या भिंती फुलीसारख्या घातलेल्या असतात. वारा कोणत्याही दिशेचा असो, तो एका बाजूनें अडून खालच्या खोलींत उतरतो आणि खोलींतील तापलेली हवा दुसऱ्या बाजूनें वर निघून जाते. आम्ही एका खोलींत नेमक्या त्या मनोऱ्याखालीं उभे राहिलों, तों मस्तकावरून कोणी पंख्यानें वारा घालावा तसें वाटलें. उपरणें हलूं लागलें. विजेच्या आधीं ज्यांस तसें घर बांधतां आलें, त्यांचा उन्हाळा त्याखालीं गेला. ज्यांस आलें नाहीं, ते ताडपत्र्यांच्या झोपड्यांत राहात, म्हणजे खजुरीच्या झावळ्यांच्या.

या सर्व संपत्तीचें मूळ तेल, असा आपला समज. परंतु दुबईस तेल सांपडलें तें १९६६ सालीं. त्याआधींची श्रीमंती होती मोत्यांची. आपल्या घरांतून ज्या जुन्या नथा आहेत, त्यांतील मोत्यांस आपण 'बसऱ्याचे मोती' म्हणतों. नांव बसऱ्याचें, मोती या आखाताच्या तळाचे. ते मुंबईच्या बाजारांत येत आणि तेथून जगभर जात. ते काढणारे लोक उन्हाळ्याचे चार महिने गलबतांवर काढीत. नाकास चिमटा लावून, पायास दगड बांधून दिवसांतून कितीदां तरी तळाशीं जात. निघण्यापूर्वीं घरखर्चासाठीं तांडेलाकडून उचल घ्यावयाची आणि हंगामाच्या शेवटीं ती फिटली नाहीं, म्हणजे पुढल्या वर्षीं पुन्हां त्याच गलबतावर चढावयाचें, असा तो व्यवहार होता. बापाचें कर्ज मुलाच्या अंगावर येई. जपानचे कृत्रिम रीतीनें वाढविलेले मोती बाजारांत आले आणि त्यांतच १९२९ नंतरची मंदी आली, तेव्हां हा धंदा बसला. सौभाग्यवतींच्या पेटींत आजेसासूबाईंची नथ आहे. ती काढून ठेवतांना हात आजवर इतका जड झाला नव्हता, असें त्या परत आल्यावर म्हणाल्या.

मुंबईशीं या गांवाचा संबंध मोत्यांपुरताच नव्हता. १९०९ सालीं येथें टपालकचेरी निघाली ती हिंदुस्थानच्या टपालखात्याची. १९६६ पर्यंत येथें रुपया चाले. १९५९ पासून तर आपल्या रिझर्व्ह बँकेनें आखातासाठीं निराळ्या नोटाच छापल्या होत्या. मोत्यांचा धंदा बसल्यावर गांव तगलें तें या खाडीवर. गाळानें ती भरत चालली, तेव्हां शेख रशीद यांनीं कर्ज काढून १९६० च्या सुमारास ती खणून खोल केली. तेल सांपडण्यापूर्वींचें हें कर्ज! घरांतील दागिने मोडून विहीर खणणाऱ्या माणसाचीच ती जात, असें आम्हांस वाटलें. आणि आमचें कलुषित मत येथें थोडें निवळलें.

उतरत्या उन्हांत आम्ही धक्क्यावर आलों. खाडी ओलांडण्यास लांकडी होड्या आहेत. त्यांस 'अब्रा' म्हणतात. भाडें एक दिरहम. वीसएक माणसें पाठीस पाठ लावून बसतात. होडी सुटली आणि आम्ही काकूंसाठीं मनांत अंतर मोजूं लागलों. पण मोजणी नीट सुरू होण्याच्या आधींच पैलतीर आलें. दाभोळच्या खाडीचा निम्मा पाटही भरला नसता! दाभोळ हें एके काळीं होर्मुझशीं व्यापार करणारें बंदर. तेथें भरतीच्या वेळीं पलीकडचा माणूस ओळखूं येत नाहीं. येथें पलीकडच्या दुकानांवरच्या पाट्या वाचतां येतात. काका हिशेबनीस होते. त्यांची नजर चुकली असेल, हें शक्य नव्हतें.

पैलतीरीं, म्हणजे देऱ्यांत, काका राहात. कोणत्या गल्लींत, तें आम्हांस ठाऊक नव्हतें, कारण पत्त्यांत पेटीचा क्रमांक तेवढा असे. एका खोलींत सहाजण राहातों, एवढें त्यांनीं एकदां रजेवर असतांना सांगितलें होतें. तेही सहज, पाट मांडला जात असतां. सोन्याची पेठ, मसाल्यांची पेठ आम्ही चालत पाहिली. काकूंसाठीं केशर घेतलें. मग एका मलबारी माणसाच्या टपरीवरून चहा घेऊन धक्क्यावर येऊन बसलों.

सूर्य खालीं गेला. मशिदींतून बांग झाली. आणि गल्ल्यागल्ल्यांतून माणसें धक्क्याकडे येऊं लागलीं. कोणी बंगाली, कोणी पठाण, कोणी तेलंगी. कामाचे कपडे अंगावरच होते. जागा मिळेल तेथें तीं बसलीं आणि जो तो मोबाइल समोर धरून घरच्या माणसांशीं बोलूं लागला. आमच्या शेजारचा एक तरुण पडद्यावरील लहान मुलास दांत दाखवून हंसवीत होता. सहाजणांच्या खोलींत सायंकाळीं जाऊन बसण्यास जागा नसते. जागा असते ती या दगडावर. वारा येथें आहे, तो खरोखरीच चांगला आहे. पंधरा वर्षें काका येथें येऊन बसत असले पाहिजेत. ओटीवर मोठ्यानें वाचल्या जाणाऱ्या पत्रांत बायकोस लिहिण्यासारखें त्यांना दुसरें काय सांपडणार होतें? सौभाग्यवती बोलत नव्हत्या. चहा निवाला, तो तसाच टाकून आम्ही उठलों.

घरीं आल्यावर पहिले दोन दिवस काकूंनीं कांहीं विचारलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं दुपारीं तांदूळ निवडतां निवडतां म्हणाल्या, "केवढी आहे रे?" आपल्या खाडीएवढीच आहे, असें सांगावयाचें आम्हीं विमानांत ठरविलें होतें. तें तोंडून निघेना.

"निम्मीही नाहीं," आम्ही म्हणालों.

त्या हंसल्या. "वाटलेंच होतें. यांचें सगळें वाढवून सांगणें." थोड्या वेळानें त्यांनीं पुन्हां विचारलें, "आणि वारा?"

"वारा आहे. सायंकाळीं चांगला असतो."

त्यांनीं सूप बाजूला ठेवलें. आणि आणलेलें केशर कोणत्या फडताळांत ठेवलें आहे, तें सौभाग्यवतींस विचारलें.