भिंतीतले मुके गायक

घर बांधताना काही हौशी माणसे छतात व भिंतींत स्पीकर बसवून घेतात. त्यांच्या तारा गिलाव्याखाली दडतात आणि तारांची टोके दिवाणखान्यातील एखाद्या कोनाड्यात येऊन थांबतात. पुढे जुने यंत्र बिघडते, खिशात मावणारे नवे यंत्र घरात येते आणि भिंतीतले गायक मुके होतात.

या मौनाचे कारण मोठे उद्बोधक आहे. नवे यंत्र गाणे अंकांच्या रूपाने साठवते व त्यापासून विजेच्या लहरी निर्माण करते. कानात घालावयाच्या इवल्याशा यंत्राला त्या लहरी पुरतात. परंतु भिंतीतल्या स्पीकरचा पडदा हलविण्याइतके बळ त्यांच्यात नसते. बळ देणारा तिसरा कोणीतरी मध्ये हवा असतो. तो म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. तो घरातील वीज घेतो आणि त्या दुबळ्या लहरींचीच चाल कायम ठेवून त्यांना जोर देतो.

ही सोयरीक जुळविताना घाई मात्र उपयोगाची नाही. प्रथम वीज बंद करावी लागते. स्पीकरचा विद्युत्-विरोध बहुधा ४ किंवा ८ ओहम असतो. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, तर विरोध ४ ओहमच उरतो; तो भार अ‍ॅम्प्लिफायरला पेलेल की नाही, हे आधी पाहावे लागते. शिवाय तारेचे धन व ऋण टोक ओळखावे लागते. दोहोंपैकी एका स्पीकरची टोके उलटी लागली, तर एकाचा पडदा पुढे सरतो त्याच क्षणी दुसऱ्याचा मागे जातो आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमार विरून जाते.

एवढे कष्ट कशासाठी, असे एखादा तरुण विचारील. पण आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आजी असेल, तर तिला ते सांगावे लागत नाही. पहाटेचे भजन छतातून तिच्या उशाशी उतरते, तेव्हा दिवस उजाडल्याची वर्दी तिला मिळते. ही वर्दी बंद पडली, तर तिची सकाळ मुकीच राहते.

जुने ते निकामी आणि नवे ते परके, असे माणसे चटकन ठरवून टाकतात. पुष्कळदा दोहोंतही दोष नसतो; उणीव असते ती मधल्या दुव्याची. घरातही आजोबा आणि नातू यांच्यामध्ये असा एखादा दुवा लागतो. तो आपले बळ देतो. आपला सूर मात्र मध्ये मिसळत नाही.